भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या

साळवे मॅडम गेल्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती एकाही शब्दाविना. कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, दोन तासिकांच्या मधल्या वेळात, मी अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगवह्या तपासत होते आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला. आमच्या रविवारच्या सांकेतिक भाषा वर्गाच्या ग्रुपवर सोनईहून पूजाने एक व्हिडिओ पाठवला होता. या ग्रुपवर सहसा कोणी टाइप करत नाही. ज्याला जे सांगायचे ते तो फोन समोर टेकवून हातांनी सांगतो. पूजाच्या मागे अंगणात उसाची रिकामी ट्रॉली उभी होती, तिच्या काठावर दोन कोंबड्या चढल्या होत्या, आणि पूजा फोनच्या इतकी जवळ बसली होती की तिचे हात अधूनमधून चौकटीबाहेर जात होते. तिने आधी मॅडमच्या नावाची खूण केली: उजव्या हाताने डावी बाही वर सारायची, मॅडम बोलायला सुरुवात करण्यापूर्वी सारत तशी. मग ती थांबली. पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर आपल्यावर आली आहे ना, याची जणू ती खात्री करून घेत होती... आणि मग तिने उरलेले सांगितले. व्हिडिओ एवढाच. मी तो तीनदा पाहिला, आणि तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की मी बातमीकडे नव्हे, त्या मधल्या थांबण्याकडे पाहते आहे. ते थांबणे पूजाचे नव्हते. ते मॅडमचे होते.

निर्मला साळवे हे नाव नगरमध्ये फार लोकांना माहीत असण्याचे कारण नाही. त्या एका सरकारी कार्यालयाच्या नोंदणी विभागात कारकून होत्या, निवृत्तीला काही वर्षे झाली होती, आणि दर रविवारी सकाळी सावेडीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या ऐकू येणाऱ्या माणसांना सांकेतिक भाषा शिकवत. त्यांना स्वतःला वयाच्या तिसऱ्या वर्षी, तापानंतर, ऐकू येईनासे झाले होते. 'कर्णबधिर' हा शब्द त्यांना लांबलचक वाटे. ओळख करून देताना त्या पाटीवर सरळ 'मी बहिरी' असे लिहीत आणि समोरचा ओशाळला की त्याच्या ओशाळण्याची हुबेहूब नक्कल करून दाखवत. वर्ग सुरू करताना साडीवर त्या एक गडद निळा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा चढवत, कारण नक्षीदार कपड्यासमोर हात नीट दिसत नाहीत. वर्ग संपला की तो सदरा दाराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवला जाई. प्रयोगशाळेत ॲप्रन टांगतात, अगदी तसा. मला पहिल्याच दिवशी तो सदरा आवडला होता.

मी तिथे गेले ते सद्भावनेने नव्हे, हे इथेच सांगून टाकलेले बरे. मला पीएच.डी.साठी अर्ज करायचा होता. विज्ञानाच्या वर्गात विद्यार्थ्यांची नजर फळा, शिक्षक आणि वही यांच्यात कशी विभागली जाते, हा माझा विषय होता, आणि जिथे सगळे शिकणे नजरेनेच होते असा वर्ग मला निरीक्षणासाठी हवा होता. पहिल्या रविवारी मी मॅडमच्या हाती एक टाइप केलेला कागद दिला: उद्दिष्ट, कालावधी, अपेक्षित निष्कर्ष. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग पाटी घेऊन लिहिले, "निष्कर्ष आधीच लिहिलास. मग येतेस कशाला?" आणि माझा चेहरा पाहून खुर्ची पुढे सरकवली.

त्या खोलीत शिकवण्याचे जे काही होते ते सगळे मांडणीत होते. खुर्च्या नालाच्या आकारात, कारण रांगेत बसले की मागच्याला पुढच्याचे हात दिसत नाहीत. मॅडमचे स्टूल खिडकीसमोर. खिडकीकडे पाठ कधीच नाही, नाहीतर उजेडात माणसाची नुसती आकृती उरते. पंखा बंद, कारण पात्यांची सावली भिंतीवर फिरत राहते आणि नजर तिकडे ओढते. हे सगळे मी वहीत टिपून घेतले आणि प्रत्येकाचे कारण मला लगेच कळले. कळले नाही ते थांबणे. मॅडम एखादे चित्र फळ्याला लावत, त्याकडे बोट करत, आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहत. वर्गाने चित्र पाहावे, पाहून संपवावे, आणि एकेक करून सगळ्यांच्या नजरा परत त्यांच्याकडे याव्यात. शेवटची नजर परत येईपर्यंत त्या एकही खूण करत नसत. ऐकणाऱ्या माणसाला फळ्याकडे पाहता पाहता शिक्षकाचे ऐकता येते. डोळ्यांनी ऐकणाऱ्याला एका वेळी एकच काही करता येते. हे तत्त्व म्हणून सोपे आहे. पण तो विराम मला फार लांब वाटे, अपव्ययच वाटे, म्हणून मी चार रविवार मनगटावरचे घड्याळ लावून तो मोजला आणि आलेख काढून मॅडमना दाखवला. विराम दर आठवड्याला वाढत होता. मॅडमनी आलेख उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि पाटीवर लिहिले, "शेवटी नजर कोणाची यायची माहीत आहे? तुझी. घड्याळ बघत बसायचीस. मी तुझ्यासाठीच थांबायची." जी गोष्ट मी मोजत होते ती माझ्या मोजण्यानेच वाढत होती! पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलीला याहून नेमकी चपराक मिळणे अवघड आहे. त्या दिवशी मला माझ्या नावाची खूण मिळाली: मनगटावर दोन बोटांनी टकटक. ती आजही तीच आहे.

मी भराभर शिकत गेले आणि वर्षभरात मॅडमची मदतनीस झाले. नव्यांचा सराव घेणे, पाटीवरचे मोठ्याने वाचून दाखवणे, ही कामे माझी. अशातच, तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याच्या अखेरीस, सिंधूबाई आल्या. मिरजगावजवळच्या वस्तीवरून, पहाटेची एसटी धरून, हातात लिंबांची पिशवी. दारातच त्यांनी मला विचारले, "बोटांची भाषा शिकिवत्यात ते हितंच का?"

"हो. या मॅडम शिकवतात. पण त्यांना ऐकू येत नाही."

"मग तर लईच बरं झालं," सिंधूबाई म्हणाल्या. "आमच्या पूजीलाबी न्हाई येत. दोघींचं जमंल." आणि मग पदराखालून उजवा हात बाहेर काढून त्यांनी तो मॅडमसमोर धरला. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट मुळापासून नव्हते. "कुट्टीत गेली. कडबा घालता घालता. एवढ्यावर भागंल का, तेवढं ईचारा की ताई बाईंला."

मी विचारले. मॅडमनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट करून पाहिला, सोडला, आणि नालातली अगदी मधली, त्यांच्या स्टुलासमोरची खुर्ची दाखवली. ती खुर्ची आतापर्यंत माझी होती.

सिंधूबाईंची मुलगी पूजा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लहानपणापासून निवासी शाळेत राहिलेली, तिथे मैत्रिणींकडून सांकेतिक भाषा अस्खलित शिकलेली, आणि शाळा संपल्यावर घरी परत आलेली. घरात ती भाषा कोणालाच येत नव्हती. म्हणजे मुलगी अशिक्षित घरात शिकून आली असे नव्हे. मुलगी परदेशातून आली आणि घरच्यांना तिच्या देशाचे नावही ठाऊक नाही, असे. हे सगळे मला नंतर उमगले. त्या वेळी माझ्यापुढे प्रश्न होता तो बोटांचा. मी तो माझ्या पद्धतीने सोडवायला घेतला. आमच्या अभ्यासक्रमातल्या सगळ्या खुणांचा एक तक्ता केला आणि तीन रंगांत विभागला: सिंधूबाईंना जशाच्या तशा जमणाऱ्या, फेरफार करून जमणाऱ्या, आणि न जमणाऱ्या. शिवाय एक टिपण जोडले की त्यांचा सराव शेजारच्या लहान खोलीत स्वतंत्रपणे घ्यावा, जेणेकरून त्यांना संकोच वाटणार नाही आणि इतरांची गती अडणार नाही. 'संकोच' हा शब्द मी आधी लिहिला होता, 'गती' नंतर. खरा क्रम उलटा होता.

मॅडमनी तक्ता नीट वाचला. कोणाचेही काम त्या वरवर वाचत नसत. मग हातांनी म्हणाल्या, "मेहनत छान आहे. पूजाला विचारलंस?"

"काय?"

"आईची कुठली खूण तिला कळत नाही ते. ती जन्मायच्या आधी गेली ती बोटं. तो हात तिने कधी वेगळा पाहिलाच नाही." आणि थोडे थांबून, माझी नजर हलत नाही हे पाहून, "वेगळ्या खोलीत मी लहानपणी बसले आहे. शाळेत मला तिथेच बसवायचे. तिथे कोणी येत नाही."

तक्ता त्यांनी फाडला वगैरे नाही. घडी घालून मला परत दिला. पण पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने घरून हातात धरायची एक वस्तू आणायची, असा त्यांनी निरोप धाडला. आमच्या वर्गातल्या एक परिचारिकाबाई इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या, बँकेत काम करणारे एक गृहस्थ भिजलेली छत्री, मी प्रयोगवह्यांचा गठ्ठा. मॅडमच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा पेला. वस्तू खाली न ठेवता सगळा तास बोलायचे, उरलेल्या हाताने, उरलेल्या बोटांनी. मॅडमचे म्हणणे असे की बहिरी माणसे काही मंचावर उभी राहून बोलत नाहीत. ती पिशवी धरून, पोर कडेवर घेऊन, पोळी लाटता लाटता बोलतात, आणि खूण अर्धी झाली तरी समोरच्याला पुरते. अभ्यासक्रमातल्या पूर्ण, स्वच्छ, दोन हातांच्या खुणा आम्ही पाठ केल्या होत्या. घरात बोलली जाणारी भाषा आम्ही पाहिलीच नव्हती. छत्रीचे पाणी बँकवाल्यांच्या पायावर, माझ्या वह्या जमिनीवर, परिचारिकाबाई हसून हसून खुर्चीत वाकलेल्या. आणि नालाच्या मध्यभागी, डाव्या हातात लिंबांची पिशवी धरून, तीन बोटांनी सावकाश, ठळक बोलणाऱ्या सिंधूबाई... "आमचं रोजचंच हाय ह्ये," त्या मला म्हणाल्या. "एका हातात कायतरी असतंयच बाईमाणसाच्या." त्या दिवसापासून सराव घेताना मी तिसरा रंग वापरणे सोडले.

दिवाळीच्या तोंडावर, वर्ग सुटल्यानंतर, सिंधूबाई जिन्यातच बसून राहिल्या. पूजाला सोनईचे स्थळ आले होते. मुलगा ऐकणारा, शुगर फॅक्टरीत कामाला, घरची शेती. "मालक म्हनत्यात, तुळशीच्या लग्नापतूर हुकार कळवायचा," त्या म्हणाल्या. "समदे हरकलेत. पोरीला कुनी ईचारलंच न्हाई."

"मग तुम्ही विचारा."

"कशी ईचारू? घरात आमची खुणंची बोली हाय ती म्हंजे जेवलीस का, पानी आन, म्हशीला सोड. तुला त्यो पसंत हाय का, तुझ्या मनात काय हाय... ह्यो सवाल आमच्या खुणांत न्हाईच वो ताई."

मला हे काम पाच मिनिटांचे वाटले. मी पूजाला भेटते, मी विचारते, उत्तर तुम्हाला सांगते. हेच मी मॅडमना सांगितले, बऱ्याच उत्साहाने, आणि त्यांनी नकार दिला. "मध्ये तिसरं माणूस नको," त्या म्हणाल्या. "उद्या सासरी काही झालं तर दरवेळी तुला बोलवायचं का? आईने विचारायचं. आईलाच सांगायचं."

"पण तीनच रविवार उरले आहेत. तोवर सिंधूबाईंना नाही जमलं तर? होकार जाईल, मॅडम."

"तर ती चूक माझी."

मी त्या दिवशी रागाने घरी गेले. माझ्या मते हे तत्त्वासाठी एका मुलीचे आयुष्य पणाला लावणे होते. शिवाय मला उत्तर ठाऊकच होते असे मी धरून चालले होते: शिकलेली, तरतरीत मुलगी सोनईच्या स्थळाला हो कशाला म्हणेल? प्रश्न फक्त तो नकार वेळेत बाहेर काढण्याचा होता. निष्कर्ष मी पुन्हा आधीच लिहून ठेवला होता.

उरलेल्या रविवारांत जी अडचण उभी राहिली ती बोटांची नव्हतीच. सिंधूबाईंच्या खुणा चोख झाल्या होत्या, पण त्या विचारत ते विचारल्यासारखे दिसतच नव्हते. मॅडमनी मला समोर बसवून दाखवले. "हात सांगतात," त्या म्हणाल्या. "विचारतो तो चेहरा." आणि सिंधूबाईंचा चेहरा हलत नव्हता. सासरी वडीलधाऱ्यांसमोर पंचवीस वर्षे पदर पुढे ओढून, मान खाली घालून वावरलेला तो चेहरा. त्यावर काही उमटू न देण्याचेच शिक्षण त्याला मिळाले होते. त्या चेहऱ्याने पूजाला 'तुला तिथे लग्न करायचे आहे का' असे विचारले असते, तर पूजाला हुकूमच दिसला असता. मी आरसा आणला, भुवयांचा व्यायाम सांगितला. सिंधूबाई आरशात पाहून लाजल्या आणि पदराने तोंड झाकून बसल्या. मग मॅडमनी चहाचे सामान मागवले. सिंधूबाईंसाठी स्वतः पेल्यात चहा ओतला आणि गंभीरपणे साखर घालू लागल्या. एक चमचा, दोन, तीन, चार... पाचव्या चमच्याला त्यांनी निरागसपणे मान वर केली. सिंधूबाईंच्या भुवया कपाळावर चढल्या होत्या, डोळे मोठे, मान पुढे: अहो, काय चाललंय काय? मॅडमनी चमचा तसाच हवेत धरून दुसऱ्या हाताने त्यांच्या चेहऱ्याकडे बोट केले. हाच. हा चेहरा. तो घालवू नका. अख्खा वर्ग हसला, आणि सिंधूबाई हसत हसत रडल्या. "बाई लई ब्येरकी हायत," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "अन् त्यो च्या कोन पिनार आता?" तो मी प्यायले.

शेवटच्या रविवारी सिंधूबाई पूजाला घेऊन आल्या. घरी बोलायला जागा नव्हती. घरात सारखी माणसांची ये-जा. मॅडमनी त्यांच्यासाठी दोन खुर्च्या नालाच्या मध्यभागी समोरासमोर मांडल्या. मला वाटले आम्ही बाहेर जायचे. पण बाहेर वाचनालयाची गच्च भरलेली ओसरी होती, आणि परिचारिकाबाईंचा गुडघा दुखत होता. मॅडमनी वेगळेच केले. त्यांनी आपले स्टूल उचलले, फिरवले, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग मान वळवून आम्हाला खूण केली: तुम्हीही.

मला क्षणभर काही उमगेना, आणि मग एकदम सगळे उमगले. ज्या खोलीत सगळ्यांना खुणा कळतात तिथे पाहणे म्हणजे ऐकणे. दार लावून काही होत नाही. खासगी बोलायला इतरांच्या पाठी वळलेल्या लागतात. एकेक करून आठ-नऊ खुर्च्या खरखरत भिंतीकडे वळल्या. त्या खोलीत दोन बायकांचे बोलणे सुरू झाले आणि आम्ही चुन्याच्या भिंतीकडे पाहत बसलो. कानांवर येत होते ते बांगड्यांचे किणकिणणे, कापडाची सळसळ, मध्येच एक लांब श्वास. पाच मिनिटे, दहा मिनिटे. होकाराला किंवा नकाराला इतका वेळ लागत नाही. काय बोलत असतील? प्रश्न विचारताना भुवया उंचावल्या असतील का? माझे कुतूहल कधीच सभ्य नसते. ते मी व्यवसाय म्हणून पोसले आहे. माझ्यासमोर भिंतीला लागून पुस्तकांचे जुने कपाट होते, त्याची काच होती, आणि प्रकाश कुठून येतो व परावर्तित होऊन कुठे जातो हे मी पोरांना दरवर्षी शिकवते. मी मान तसूभर डावीकडे केली.

मला तीन बोटांचा एक हात दिसला. तो उचललेला होता आणि स्थिर होता. सिंधूबाई थांबल्या होत्या. मुलीची नजर खाली गेली होती आणि ती परत येईपर्यंत त्या हात हवेत धरून वाट पाहत होत्या, आमच्या मॅडम पाहत तशी. त्यापलीकडे, काचेच्या कडेला, मला स्वतः मॅडम दिसल्या. त्या भिंतीकडे तोंड करून ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. ऐकणाऱ्या माणसाने डोळे मिटले तरी जग त्याच्या कानांत चालूच राहते. मॅडमनी डोळे मिटले म्हणजे त्यांनी सगळीच दारे लावून घेतली होती... कोणी खांद्याला हात लावेपर्यंत त्या काळोखात एकट्या बसणार होत्या. मला स्वतःची इतकी लाज याआधी वाटल्याचे आठवत नाही. मीही डोळे मिटले. त्या रविवारच्या माझ्या टिपणात एकच ओळ आहे: 'नोंद नाही.'

चाळीस मिनिटांनी सिंधूबाईंनीच शेवटी एकेकाच्या खांद्याला हात लावून आम्हाला सोडवले. दोघींचे डोळे लाल होते. जिन्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मला राहवले नाही. "काय म्हणाली?"

"ते तिचं-माझं," सिंधूबाई म्हणाल्या. मग माझी कीव येऊन की काय, गालात हसल्या. "पर झालं ईचारून."

पुढच्याच्या पुढच्या रविवारी सोनईहून मोटरसायकलवर एक दणकट, घामाघूम तरुण आला. हेल्मेट कुठे ठेवावे ते न कळून हातातच धरून उभा राहिला. "मी... ते पूजाच्या घरच्यांनी सांगितलंय," तो मला म्हणाला. "आधी भाषा शिकायची, मग तारीख धरायची. किती दिवस लागत्यात?" मी भाषांतर केले. मॅडमनी त्याच्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिले, प्रसन्न झाल्या आणि ते तसेच धरून बसायला सांगितले. मुलीने हो म्हटले होते. तिच्या अटीवर म्हटले होते, पण हो म्हटले होते, आणि मी त्या पाच मिनिटांत, मध्ये बसून, माझ्या आवाजात तिचे उत्तर सांगितले असते तर त्यात किती पूजा असती आणि किती मी, हे मला आजही सांगता येणार नाही. तो मुलगा सहा महिने येत राहिला. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मॅडमनी निळा सदरा घालून स्टेजसमोर उभे राहून पूजाला आणि तिच्या मैत्रिणींना एकेक ओळ हातांनी सांगितली. भटजींना पुढची ओळ म्हणायला दरवेळी थांबावे लागले, आणि मॅडमनी त्यांना थांबवले.

माझा अर्ज पुढे मंजूर झाला. विषय तोच राहिला, पण प्रस्तावातला निष्कर्षाचा परिच्छेद मी काढून टाकला. मुलाखतीत त्याबद्दल विचारले तेव्हा 'अजून ठाऊक नाही' असे मी प्रथमच निर्धास्तपणे म्हणू शकले. माझ्या भौतिकशास्त्राच्या वर्गातही आता मी फळ्यावर लिहिताना बोलत नाही. लिहिते, वळते, थांबते. सुरुवातीला मुलांना वाटायचे की मी काहीतरी विसरले.

मॅडमची आणि माझी शेवटची भेट त्या जाण्याच्या आधीच्या रविवारी झाली. वर्ग सुटला होता, आम्ही दोघी खुर्च्या लावत होतो. कपाटाच्या काचेवर ऊन पडले होते, आणि मला काय वाटले कोण जाणे, तीन वर्षे मनात ठेवलेली गोष्ट मी सांगून टाकली: त्या दिवशी मी काचेत पाहिले होते. थोडेच, पण पाहिले. त्या रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली, डावी बाही वर सारली आणि म्हणाल्या, "मीही."

"पण तुमचे तर डोळे मिटलेले होते."

"आधी पाहिलं. काच माझ्याही समोर होती." त्यांच्या चेहऱ्यावर पकडल्या गेलेल्या मुलीचे हसू होते. "मलाही फार जाणून घ्यायचं होतं. म्हणून तर मिटले."

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी, घरी चहा ठेवत असताना त्या गेल्या. हृदय थांबले, असे त्यांच्या भावाने सांगितले. बुद्धविहारात त्यांचा जलदान विधी झाला तेव्हा वंदना हातांनी सांगायला मी उभी राहिले. सदऱ्याशिवाय, आणि माझ्या फुलाफुलांच्या ओढणीमुळे कोणाला काही नीट दिसत नव्हते, हे मला शेवटच्या रांगेतल्या परिचारिकाबाईंनी खुणेने सांगितले. मॅडम असत्या तर त्यांनी त्याचीही नक्कल केली असती.

गेल्या रविवारपासून वर्ग पुन्हा सुरू केला. पीएच.डी.साठी बाहेरगावी जाईपर्यंत मी घेईन, पुढे पूजा घेणार आहे. तिच्या नवऱ्याने मोटरसायकलवरून आणायचे कबूल केले आहे. मी लवकर जाऊन केर काढला, कपाटाची काच पुसली, नाल मांडला. सदरा खिळ्यालाच होता, डावी बाही अजून कोपरापर्यंत सारलेली. तिथपर्यंत मी हात नेला नाही. सगळे जमले तेव्हा शेवटी सिंधूबाई आल्या, पिशवी घेऊन. त्या मधल्या खुर्चीवर बसल्या नाहीत. दाराजवळच थांबल्या, सदऱ्याकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "ताई, बाईंशी जरा बोलायचं हुतं."

मी माझी खुर्ची उचलली, फिरवली, आणि मान वळवून इतरांना खूण केली. खरखर करत खुर्च्या भिंतीकडे वळल्या. माझ्यासमोर कपाट होते. नुकतीच पुसलेली काच स्वच्छ होती, आणि तीत निळ्या सदऱ्यासमोर उभ्या सिंधूबाई दिसत होत्या. त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला... आणि त्या थांबल्या. समोरची नजर आपल्याकडे येण्याची वाट पाहत, हात हवेत धरून, त्या थांबल्या होत्या. काय सांगायचे असेल त्यांना? त्या दिवशीची चाळीस मिनिटे? की त्याहून वेगळे काही, जे मला कधीच सुचणार नाही? मला फार जाणून घ्यायचे होते.

मी डोळे मिटले.